टिलचं घड्याळ आणि माझा उजवा हात

माझ्या नाकावर राग असतो हे नागपुरात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. आयर्लंडमधल्या पोर्टलीशमध्ये कुणाला माहीत नव्हतं, कारण तिथे आधी मी घरात बसून होते आणि नंतर मास्क लावून टिलवर. टिल म्हणजे सुपरमार्केटमधलं बिलाचं मशीन.

मी दातांची डॉक्टर. नागपुरात माझा स्वतःचा दवाखाना होता. नवऱ्याच्या आयटीच्या नोकरीपायी आयर्लंडला आले. तिथे पेशंटच्या तोंडात आरसा घालायचा तर तिथली परीक्षा पास व्हावी लागते, आधी लेखी, मग हाताची. लेखी मी पहिल्या झटक्यात काढली. हाताची द्यायची तेवढ्यात कोविड आला आणि ती परीक्षा पुढे पुढे जात राहिली. प्लॅस्टिकच्या दातांवर ड्रिल चालवायचं, केसभर इकडेतिकडे झालं की संपलं. त्यामुळे उजवा हात म्हणजे माझं सगळं भांडवल. नवरा रोज बजावायचा, "काम कर, नको कोण म्हणतंय, पण हात सांभाळ गं बाई." म्हणून मी दुकानात जड खोकं उचलत नसे, आणि रात्री हाताला तेल चोळत असे.

आता त्या टिलबद्दल. मेल्याला मार खायची सवय होती. स्क्रीन काळी पडली की डाव्या कुशीत बुक्की मारायची. पैशांचा खण उघडेना झाला की गुडघ्याने ढकलायचा. स्कॅनर दुधाची पिशवी वाचायचा, पण दह्याचा डबा समोर नाचवला तरी ढिम्म. भर रांगेत मशीन आपण होऊन बंद पडायचं आणि पुन्हा चालू होईपर्यंत अख्ख्या गावाच्या शिव्या आम्ही खायच्या. एकाने माझ्या अंगावर चिल्लर फेकली होती. एका बाईने कोबीचा गड्डा काउंटरवर असा आपटला की त्याची पानं माझ्या डोक्यावर आली. मशीनचा राग माणसावर काढायला काय जातं! मशीन उलटून बोलत नाही, आणि पगारापायी आम्हीही बोलत नव्हतो.

बुक्की नेमकी कुठे मारायची ते मला शेजारच्या टिलवरच्या बाईने शिकवलं. ती आयरिश, पन्नाशी उलटलेली, माझ्या खांद्याला लागेल एवढी, आणि जिभेला हाड नाही. मी पहिल्या दिवशी रडवेली झाले तेव्हा म्हणाली, "रडू नकोस पोरी, त्याला ठोक. मी वीस वर्षं ठोकतेय." आमच्या चहाच्या सुट्ट्या कोविडमुळे वेगवेगळ्या, त्यामुळे तिचे डोळे आणि कपाळ सोडून मी काही पाहिलेलं नव्हतं. दातांची डॉक्टर असून वर्षभर मी एका माणसाचे दात पाहिले नव्हते, बोला!

सगळ्यात मोठी पीडा त्या टिलच्या घड्याळाची. आयर्लंडमध्ये दारू ठरलेल्या वेळातच विकता येते, रविवारी दुपारी साडेबारा ते रात्री दहा. त्या वेळेबाहेर टिल बाटली घेतच नाही, लाल पट्टी दाखवतं. आणि त्या देशात वर्षातून दोनदा घड्याळं बदलतात, मार्चमध्ये तासभर पुढे, ऑक्टोबरात तासभर मागे. गावातली सगळी घड्याळं बदलायची, आमची टिलं नाही. ती फक्त हेड ऑफिस बदलू शकायचं, आणि हेड ऑफिसला फोन केला की नुसतं संगीत ऐकू यायचं. ऑक्टोबरात टिलं तासभर पुढे राहिली आणि रात्री नऊलाच बिअर नाकारायला लागली, तेव्हा माझ्या शेजारणीने युक्ती काढली. शेकोटीत जाळायच्या पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या वाळवलेल्या मातीच्या, विटा असतात, त्यांना ब्रिकेट म्हणतात. बिअर स्कॅन करायचीच नाही, तेवढ्याच किमतीच्या ब्रिकेट बिलात हाताने टाकायच्या. कायद्याने अजून तासभर वेळ असायचीच, मग पाप कसलं? पण पुढे माल मोजला तेव्हा ब्रिकेटचे गठ्ठे जागच्या जागी आणि बिअर गायब. मॅनेजरने आम्हाला उभं करून सांगितलं, पुन्हा कुणी असं केलं तर घरी जायचं.

मार्चमधल्या घड्याळ बदलायच्या रविवारी, दुपारी एकच्या सुमारास, तो आला. दांडगा, मान लाल, मास्क हनुवटीला. काउंटरवर बिअरच्या डब्यांचा ट्रे आदळला. लाल पट्टी. टिलच्या मते अजून बारा वाजत होते.

मी म्हटलं, "सॉरी, मशीन घेत नाहीये. अर्ध्या तासाने या."

त्याने मोबाइल माझ्या डोळ्यांसमोर धरला. "एक वाजलाय. वाचता येतं का? तुझ्या देशात घड्याळं नसतात?"

आमच्या देशात घड्याळं वर्षभर एकच वेळ दाखवतात रे बाबा, असं तोंडावर आलं होतं. गिळलं. मॅनेजरला हाक मारली, तो मागे गोदामात. तेवढ्यात त्या गिऱ्हाइकाने कोविडसाठी मध्ये लावलेल्या प्लॅस्टिकच्या पडद्यावर मूठ मारली. पडदा निखळून माझ्या कपाळावर आला. रांगेतली माणसं मागे सरकली, पुढे एकही आला नाही.

पुढे आली ती माझी शेजारीण. आपलं टिल सोडून, कमरेवर हात ठेवून त्याच्यासमोर उभी. "चल, नीघ बाहेर," एवढंच म्हणाली. त्याने ट्रेमधला एक डबा उपसला आणि दोन हातांवरून तिच्या तोंडावर फेकून मारला. भरलेला डबा. तो आवाज मी ओळखला. ती खाली बसली आणि तिचा निळा मास्क बघता बघता लाल झाला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी काउंटरच्या बाहेर कधी आले, आठवत नाही. तो दुसरा डबा काढत होता. मी ओरडले, "भडव्या, बत्तिशी पाडीन तुझी!" आणि उजव्या हाताची मूठ त्याच्या जबड्यावर घातली. जबडा कुठे हलका असतो ते मला ठाऊक होतं. तो आडवा झाला, च्युइंग गमच्या स्टँडसकट. माझ्या हातातही काहीतरी काडकन मोडलं. तेव्हा मात्र दोन माणसं पुढे आली आणि त्याच्या अंगावर बसली.

मी तिच्यापाशी गुडघ्यांवर बसले आणि मास्क उतरवला. वरचा पुढचा दात मास्कमध्येच पडला होता, मुळासकट, अख्खा. मी ओरडले, "दूध आणा!" कुणाला कळेना कशाला; पडलेला दात दुधात जिवंत राहतो. एका आजींनी आपल्या पिशवीतली बाटली उघडून दिली. उजवा हात सुजून भजं झालेला, म्हणून डाव्या हाताने दात मुळाला न शिवता चावायच्या टोकाला धरला, दुधात बुडवला, तिला म्हटलं, "आ कर, आणि मला शिव्या दे." तिने मनापासून दिल्या. मी दात त्याच्या खाचेत दाबून बसवला आणि रुमाल चावायला दिला. वर्षभर जिच्या शेजारी उभी होते तिचा चेहरा मी असा पहिल्यांदा पाहिला. हसरा होता हो, रक्ताने माखलेला आणि हसरा. मग मला हुंदका आवरेना.

गार्डा, म्हणजे तिथले पोलीस, त्या माणसाला घेऊन गेले. मॅनेजर मला म्हणाला, "तू ग्राहकावर हात उचललास." माझी शेजारीण रुमाल तोंडात तसाच ठेवून त्याला काहीतरी म्हणाली. शब्द कळले नाहीत, पण त्याने मला नोकरीवरून काढायचा विषय कधी काढला नाही.

सोमवारी मी हाताला प्लास्टर घालून दुकानात रजा सांगायला गेले, तेव्हा मॅनेजर हेड ऑफिसच्या फोनवर होता. पलीकडून सांगत गेले तशी त्याने टिलची चार बटणं दाबली आणि घड्याळ बरोबर झालं. चहा ढवळायला याहून जास्त वेळ लागतो. मी काउंटरला अशी सणसणीत लाथ घातली की खण आपोआप उघडला.

करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटामागची हाडं मोडली होती. ड्रिल चालवताना हात स्थिर राहावा म्हणून आम्ही तेच शेजारचं बोट पेशंटच्या दातावर टेकवतो. हाडं जुळली, पण वाकडी. उन्हाळ्यानंतर परीक्षेची तारीख आली. प्लॅस्टिकच्या दातावर बोट टेकवलं आणि ते थरथरायला लागलं. मी श्वास रोखला, मनगट दाबून धरलं, देवाचं नाव घेतलं. ड्रिल बाजूच्या दातात घुसलं. परीक्षकांनी मान वर न करता काहीतरी लिहिलं.

नवरा बाहेर गाडीत थांबला होता. माझं तोंड पाहून त्याने गाडी सुरू केली नाही. काचेतून समोर बघत हळूच म्हणाला, "त्या दिवशी तो ठोसा मारला नसतास तर?"

"तर आज पास झाले असते," मी म्हटलं, आणि भोकाड पसरलं. त्याने माझा हात हातात घेतला आणि ते वाकडं बोट चोळत बसला. त्याचेही डोळे भरले होते.

"पुन्हा नाही ना असं करणार?" त्याने विचारलं.

मी नाक पुसलं. "पुन्हा वेळ आली तर डाव्या हाताने मारेन."