साडेतीनची तीन मिनिटे

हा अनुभव लिहावा की नाही, याविषयी माझे मन पुष्कळ दिवस साशंक होते. लिहिला, तर वाचणाऱ्याला त्यात माझे कौतुक दिसेल, ही एक भीती. आणि खरे ते सारे लिहिले, तर माझी एक लाजिरवाणी चूक चारचौघांत येईल, ही दुसरी. दत्तगुरूंच्या तसबिरीसमोर बसून मी दोन्ही भीती तपासून पाहिल्या, तेव्हा ध्यानात आले की दोहोंच्या मुळाशी माझा अहंकारच बसलेला आहे. म्हणून आता लिहितो. लिहिताना अभिमानाचा सूर लागला, तर तो मी लपवणार नाही. राजपुरीच्या काही माणसांविषयी मला जो अभिमान वाटतो, तो वाटण्याचा अधिकार मी फार मोठी किंमत देऊन मिळवला आहे.

माझी उमेदीची वर्षे जहाजांवरच्या बिनतारी संदेशांच्या खोलीत गेली. महायुद्धाचा काळही तिथेच काढला. स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी समुद्र सोडून रेवदंड्याच्या आमच्या नारळी-पोफळीच्या वाडीत परतलो, तेव्हा वाटले होते की आता कानांना विश्रांती. पण पुढे राजपुरीच्या खाडीची खोली नव्याने मोजायचे ठरले आणि संच चालवणारा जाणता माणूस हवा, म्हणून मला बोलावणे आले. इंजिनाची एक लाँच होती, तिच्यावर मी असे. एक वल्ह्यांची होडी होती. तीत बसून मोजणीदार टिपणीस दोरीला बांधलेले शिसे पाण्यात सोडीत आणि खोली टिपून घेत. तिसरे ठाणे आगरदांड्याच्या धक्क्यावर होते. तिन्हीकडे युद्धातून उरलेला, हातात धरून बोलायचा एकेक संच दिलेला होता. दोन विटा एकावर एक ठेवाव्यात तेवढा तो डबा. वरची दांडी ओढून लांब केली की तो जागा होई. बाजूचे बटण दाबले की बोलता येई आणि सोडले की ऐकू येई. दाबून धरले असताना मात्र जगातले काहीही ऐकू येत नसे. बॅटऱ्या लवकर संपत आणि नव्या मुंबईहून यायला आठ-आठ दिवस लागत, म्हणून काम नसेल तेव्हा दांडी आत ढकलून संच बंद ठेवायचा, असा शिरस्ता होता.

जगभरच्या जहाजांवर एक रीत पाळली जाते. तासाच्या आणि अर्ध्या तासाच्या ठोक्याला तीन मिनिटे कोणीही बोलायचे नाही. सर्वांनी फक्त ऐकायचे, म्हणजे एखाद्या संकटातल्या जहाजाची क्षीण हाक गोंगाटात हरवत नाही. हीच रीत मी आमच्या तीन संचांना लावून दिली: एरवी संच बंद असला, तरी तेवढी तीन मिनिटे तो उघडून ऐकायचे आणि अडचणीत असेल त्यानेच हाक मारायची. खलाशांना ती मोठी गमतीची वाटली. मी संच कानाला लावून गप्प बसलो की कोणीतरी हळूच म्हणे, मास्तरांची संध्या सुरू झाली. तांडेल हिराजी मात्र हसले नाहीत. लाँचचे सुकाणू त्यांच्याकडे होते. वयाने माझ्याहून दोन-चार वर्षांनी थोरले, अक्षरओळख नाही, पण सुकाणूजवळच्या घड्याळाचे काटे त्यांना नीट कळत. ती तीन मिनिटे आली की ते आपणहून इंजिन बंद करीत. मी एकदा म्हणालो, एवढे कशाला, डिझेल वाया जाते. त्यावर ते म्हणाले, "हाक यायला वाट मोकळी पायजे, मास्तर." नियम मी शिकवला होता, त्यावर श्रद्धा त्यांनी ठेवली. हा फरक मला त्या वेळी दिसला नाही.

दिवाळी नुकतीच झाली होती. त्या दुपारी मुंबईहून एक मोठे साहेब काम पाहायला आले होते. लाँच खाडीच्या मध्यावर होती आणि टिपणिसांची होडी तीन खलाशांसह जंजिऱ्याच्या बाहेर, खाडीच्या मुखाशी खोली मोजत होती. त्या तिघांतला एक हिराजींचा धाकटा भाऊ धर्मा. साहेबांनी संचाविषयी चौकशी केली आणि माझ्या अंगात जणू वारे शिरले. मी आगरदांड्याच्या धक्क्याला हाक दिली, उत्तर आले, साहेब खूश झाले. मग युद्धातल्या आठवणी, संच कसा धरावा, कोणत्या वाऱ्यात आवाज कसा तुटतो, हे सारे मी धक्क्यावरच्या माणसाला उद्देशून, पण साहेबांच्या कानांसाठी, बटण दाबून सांगत राहिलो. मध्येच हिराजींनी इंजिन बंद केले आणि माझ्याकडे पाहून ते शांतपणे म्हणाले, "मास्तर, तीन वाजलं."

मी ते ऐकले. घड्याळाकडेही पाहिले. आणि जरा थांबा, अशी हाताने खूण करून बोलतच राहिलो. सात-आठ मिनिटे तरी मी बोलत होतो. या एका खुणेची आठवण झाली की आजही माझा हात मला परका वाटतो.

बोलणे संपल्यावर, आता साहेबांना समुद्रावरचाही आवाज ऐकवावा म्हणून मी होडीला हाक दिली. उत्तर आले नाही. संच बंद असेल, असे म्हणून मी सोडून दिले. हिराजींनी मात्र लाँचचे तोंड समुद्राकडे वळवले. जंजिऱ्याला वळसा घालून बाहेर आलो, तर ज्या जागी होडी असायला हवी होती तिथे नुसते पाणी होते. ओहोटी जोरात होती. पश्चिमेचा सूर्य उतरू लागला होता आणि त्याच्या खाली सारा समुद्र असा चकाकत होता की डोळे उघडे ठेवणे अशक्य. त्या झगमगाटात एक लहानशी होडी शोधायची, म्हणजे जळत्या निखाऱ्यांत मोहरी शोधण्यासारखे होते. मी हाका देत होतो, बटण सोडत होतो, पुन्हा हाका देत होतो. बॅटरी मंदावल्याचेही मला कळत होते. तिच्यातला जीव मी दुपारभर बढाईत खर्च केला होता.

मासेमारीहून परतणारे पाच-सहा मचवे आसपास होते. दोहोंवर नवी इंजिने धडधडत होती, बाकीचे शिडांवर होते, लोक एकमेकांना ओरडून काही सांगत होते. साडेतीनला एक मिनिट असताना हिराजींनी इंजिन बंद केले. साहेब संतापले. माणसे बुडत असतील आणि हा मनुष्य इंजिन बंद करतो, असे ते मला म्हणाले. उत्तर हिराजींनी दिले.

"साहेब, धर्मा होडीवर हाय. साडेतीनला हाक मारल तो. गप ऱ्हायलं पायजे."

मग लाँचच्या टपावर चढून त्यांनी डोईचे फडके दोन्ही हातांत ताणून धरले आणि मचव्यांकडे पाहून ओरडले, "गप ऱ्हावा रं समदे. मास्तर ऐकत्यात."

कोणा एकाने दुरून विचारले, "संध्या हाय काय मास्तरांची?" आणि दुसऱ्या कोणी तरी त्याला दरडावले. त्यानंतर जे झाले ते मी कितीही जपून लिहिले तरी अपुरे पडेल. इंजिने एकामागून एक थांबली. शिडे उतरली. एका मचव्यावर कप्पी करकरत होती, ती एका म्हाताऱ्या खलाशाने दोन्ही मुठींत गच्च धरली. काय घडले आहे, कोण हरवले आहे, हे त्यांतल्या कोणालाच ठाऊक नव्हते. तरी दिवसभर राबून घराकडे निघालेली ती तीस-चाळीस माणसे भर समुद्रात जागच्या जागी निःशब्द उभी राहिली. मोठमोठ्या देवळांत मी गेलो आहे. इतकी शांतता मला कुठल्याच गाभाऱ्यात भेटलेली नाही.

पहिले मिनिट नुसती खरखर. दुसरेही तसेच. माझा अंगठा आपोआप बटणाकडे गेला. हाक द्यावी, ओरडावे, दत्तगुरूंना नवस बोलावा, काहीतरी करावे, असे झाले होते. आयुष्यभर मी देवासमोरही बोलतच आलो होतो; मागणे, गाऱ्हाणे, कबुली, स्तोत्र, सारे बोलणेच. त्या क्षणी पहिल्यांदा माझ्यापाशी शब्द उरले नाहीत. मी अंगठा बटणावरून काढून घेतला आणि मनातल्या मनात एवढेच झाले, की आता तू बोल.

तिसऱ्या मिनिटात टिपणिसांचा आवाज आला. इतका बारीक, की मला अर्धेच शब्द लागले. जंजिरा, उत्तरेचा बुरूज, त्याला टेकलेला राजपुरीचा डोंगर. हिराजींनी माझ्या खांद्यावरून वाकून संचाला कान लावला होता. बुरूज आणि डोंगर जिथून एकाला एक टेकलेले दिसतात, ती रेषा त्यांना तेवढ्यावरून कळली. मी बटण दाबून "ऐकलं, येतो" एवढेच म्हणालो आणि संच निमाला. त्यानंतर त्या बॅटरीतून खरखरसुद्धा आली नाही.

लाँच थेट सूर्याच्या पोटात शिरली. मचवे दोन्ही बाजूंना पांगून बरोबर निघाले. त्यांना कोणी या म्हटले नव्हते. चार वाजायच्या सुमारास होडी दिसली. खडकावर आपटून तिची फळी सुटली होती, वल्ह्याचा खुंटा मोडला होता, पाणी गुडघ्यांच्या वर आले होते. चौघांना वर घेतले आणि जेमतेम दहा मिनिटांत होडी दिसेनाशी झाली.

धर्मा थंडीने काकडत होता. त्याच्याभोवती घोंगडी लपेटत असताना तो मला म्हणाला, "तीनला हाक मारली, मास्तर. डब्यात नुसतं खरखरत होतं, एक शब्द लागत नव्हता. टिपणीस म्हणालं, कुणी ऐकत न्हाय. मी म्हटलं, मास्तर नेम मोडायचं न्हाईत, आपलाच डबा भिजला असंल. बंद करून ठेवू, साडेतीनला पुन्ना मारू."

म्हणजे पाणी चढत असताना ही माणसे अर्धा तास संच मिटून बसली होती, माझ्यावरच्या भरवशाने.

आगरदांड्याच्या धक्क्यावर उतरल्यावर साहेबांनी सगळ्यांदेखत माझी पाठ थोपटली आणि वर कळवण्याची भाषा सुरू केली. हिराजी बाजूला उभे होते. त्यांना सारे ठाऊक होते आणि ते गप्प होते. ती थाप पाठीवर घेऊन मी घरी जाऊ शकलो असतो. पण ज्या देवाने नुकतेच मला ऐकवले होते, तो आता ऐकत असेल, ही जाणीव मला सोडेना. मी धर्मासमोर जाऊन उभा राहिलो.

"तीनला तुमचा संच ठीक होता, धर्मा. हाक मी ऐकली नाही. मी बोलत होतो."

धर्माने माझ्याकडे पाहिले. "काय बोलत व्हतात?"

"काही नाही. साहेबांना संच दाखवत होतो."

त्याने पिळलेली बंडी खांद्यावर टाकली आणि तो घराच्या वाटेला लागला. साहेब माझ्याशी पुढे फारसे बोलले नाहीत. वर कळवायचेच असेल तर तांडेल हिराजींचे आणि त्या मचव्यांचे कळवा, अशी मी त्यांना विनंती केली आणि ती त्यांनी मानली, हे त्यांच्या मनाचे मोठेपण. सगळे पांगल्यावर हिराजी म्हणाले, "सांगितलंत, बरं केलंत. मी न्हवतो सांगणार."

त्या दिवसानंतर माझ्या पूजेत एक बदल झाला. स्तोत्रे म्हणतो, आरती करतो आणि मग काही वेळ काहीही न मागता, काहीही न सांगता बसतो. काही ऐकू येते का, असे कोणी विचारील. बहुतेक दिवशी येत नाही. पण शरण जाणे म्हणजे आपल्या अंगठ्याचा दाब काढून घेणे, एवढे मला त्या समुद्रात शिकवले गेले, आणि ज्यांनी शिकवले ते मासे विकून पोट भरणारे लोक होते. त्यांच्या शेजारी मी राहिलो, त्यांच्याबरोबर काम केले, याचा मला अभिमान आहे. हा अभिमान देवासमोर बसूनही मला खाली ठेवावासा वाटत नाही.

नवी होडी येईपर्यंत नऊ-दहा दिवस गेले. तेवढ्या काळात धर्मा माझ्याशी एक शब्दही बोलला नाही, आणि त्याचे चुकले असे मला कधी वाटले नाही. होडी आली त्या दिवशी टिपणीस अजून तापाने घरीच होते. त्यांच्या जागी आलेल्या गृहस्थांना संच हाताळता येईना, तेव्हा धर्माने मुकाट्याने तो उचलून आपल्या गळ्यात अडकवला आणि होडी निघाली. त्या दुपारी तीनच्या ठोक्याला मी लाँचवर संच कानाला लावून बसलो. एक मिनिट गेले आणि आवाज आला.

"मास्तर, धर्मा बोलतोय. तसं काय न्हाय. तुमी ऐकताय काय, त्येवढं बघितलं."

हिराजी सुकाणूवर ओठ दाबून हसत होते. शांततेच्या मिनिटांत निष्कारण बोलायचे नाही, हा नियम मीच केलेला. पण बटण दाबताना मला त्याची आठवणही झाली नाही.

"ऐकतोय, धर्मा," मी म्हणालो, आणि दत्तगुरूंच्या कृपेने बटण लगेच सोडले.