आधी तुमचं, मंग माझं

आमच्या मोठ्या मामांइतका भांडखोर माणूस अख्ख्या भोकरदन तालुक्यात झाला नाही, आणि त्यांच्याइतक्या अदबीने भांडणारा तर पुढेही होण्याची शक्यता नाही. हसनाबादजवळच्या एका गावात त्यांची शेती होती, पण खरा जीव विरोध करण्यात. ग्रामसभेत ठराव कोणताही असो, मामा उपरणं सावरत उठायचे. मात्र त्यांचा एक नियम होता. समोरच्याचं म्हणणं आधी आपल्या तोंडाने मांडायचं, तेही त्याच्यापेक्षा चांगलं, आणि मग त्याच्याकडे वळून विचारायचं, "बराबर मांडलं का?" तो "बराबर" म्हणाला की मगच खोडायला सुरुवात. होकार आला नाही तर मामा पुन्हा पहिल्यापासून मांडत. त्यामुळे जेवायची वेळ झाली की पुष्कळ लोक न ऐकताच "बराबर" म्हणून टाकत.

नियम घरीही लागू होता. मामींना गॅसची शेगडी हवी होती आणि मामांचा त्याला कडाडून विरोध. एका सकाळी त्यांनी रीतीप्रमाणे मामींची बाजू मांडायला घेतली. चुलीचा धूर, पावसाळ्यातली ओली लाकडं, मामींचे लाल झालेले डोळे, सगळं इतक्या तळमळीने सांगितलं की ते त्यांनाच पटून गेलं. "बराबर मांडलं का?" मामी म्हणाल्या, "बिलकुल बराबर. आता सरका, भाकर करपून राह्यली." मामा विरोधाचं भाषण न करताच उठले आणि भोकरदनला जाऊन गॅसचा नंबर लावून आले. एकदा एसटीचा कंडक्टर त्यांच्या फाट्यावर गाडी थांबवायला तयार होईना. मामांनी त्याची बाजू मांडायला घेतली: गाडीला झालेला उशीर, वरच्या साहेबांची बोलणी, ड्रायव्हरचा राहिलेला डबा. एवढ्या नोकरीत पहिल्यांदाच आपलं दुःख कोणी तरी समजून घेतंय म्हणून कंडक्टर भान हरपून ऐकत राहिला, आणि तो "बराबर" म्हणेपर्यंत राजूर आलं. मामांनी गणपतीचं दर्शन घेतलं आणि परतीच्या गाडीने आले. "माणूस चांगला हाये, फक्त त्याचं म्हणणं चूक हाये," एवढीच त्यांची तक्रार.

मामांचे हक्काचे विरोधक म्हणजे अण्णा. दोघांच्या शेताचा बांध एक आणि वादही एकच, ऐंशी सालच्या सुमारास सुरू झालेला. आठवडी बाजार शाळेसमोर भरायचा. त्या गलक्यात पोरांना मास्तर ऐकू येत नाहीत, तेव्हा बाजार केदारखेड्याच्या रस्त्याला हलवा, असं मामांचं म्हणणं. आहे तिथेच राहू द्या, असं अण्णांचं. सभेच्या आदल्या संध्याकाळी मामा अण्णांच्या घरी जाऊन सांगत, "उद्या मी तुम्हाला विरोध करणार हाये, तयारीनं या." अण्णा आत वळून चहा टाकायला सांगत. सभेत चार लोक पाहिले की अण्णा मुद्दे विसरायचे. मग मामाच हळू आवाजात आठवण करून देत, "अण्णा, म्हाताऱ्या बायांना तेवढं दूर चालवत न्हाई, हे राह्यलं की तुमचं!" अण्णा तेवढं म्हणत आणि मामांचा ठराव पडे. दोघं बरोबर घरी जात.

नव्वदीनंतर घरोघरी टीव्ही आले, निवडणुकांना रंग चढला आणि गावाला टोमण्याचा शोध लागला. अण्णांचा पुतण्या त्यात तरबेज. एका सभेत मामा नेहमीप्रमाणे त्याचं म्हणणं मांडायला उठले, तर तो बसल्या जागेवरून म्हणाला, "काकांचं भाषण म्हंजे लाइट गेल्यावरचा पंखा. थांबला थांबला म्हणता फिरूनच राह्यला!" सभा खो खो हसली. मामांनी शांतपणे सुरुवात केली, "या पोराचं म्हणणं असं की, माझं भाषण लाइट गेलेल्या पंख्यासारखं हाये. बराबर मांडलं का?" हशा दुप्पट झाला. मामा म्हणाले, "यात मुद्दा कोणता, ते काही सापडंना. मुद्दा असता तर खोडला असता." आणि बसले. त्या हसणाऱ्यांचा मला आजही राग येतो.

त्यानंतर मामा ग्रामसभेला गेले नाहीत. गावाचं काही अडलं नाही. सभा लवकर आटपू लागल्या, लोक हसत घरी जाऊ लागले, आणि कोणाचं नेमकं म्हणणं काय, हे कोणालाच कळेनासं झालं. अडलं ते एकट्या अण्णांचं. ते मामांकडे येऊन म्हणाले, "तुम्ही न्हाई आले तर मला माझंच म्हणणं आठवत न्हाई." मग दोघं अण्णांच्या ओट्यावर बसून बाजाराचा वाद घालू लागले. ऐकायला कोणी नसे, पण "बराबर मांडलं का?" चुकत नसे.

अण्णा गेले. शाळेत शोकसभा झाली, पुतण्याच अध्यक्ष होता. मामा इतक्या वर्षांनी बोलायला उठले. अण्णा किती चांगले होते वगैरे त्यांनी काहीच सांगितलं नाही. त्यांनी अण्णांची बाजू मांडली. म्हाताऱ्या बाया, डोक्यावरून भाजी आणणाऱ्या माळणी, आईबरोबर बाजार करून घरी जाणारी शाळेतली पोरं, एक मुद्दा सुटला नाही. शेवटी अण्णांच्या फोटोकडे वळून त्यांनी विचारलं, "बराबर मांडलं का, अण्णा?"

कोणी हसलं नाही. पुतण्या खाली मान घालून म्हणाला, "बराबर, काका."

"तू न्हाई," मामा म्हणाले. "ज्याचं म्हणणं, त्यानंच म्हणाया पायजे."

ते पुन्हा फोटोकडे वळले. मग उपरणं सावरत म्हणाले, "होकार आला न्हाई. मंग मला माझं बोलता येत न्हाई." आणि खाली बसले.

बाजार अजून शाळेसमोरच भरतो.