भारीतला कंबरपट्टा

सुतारकामात हात आधी जातात असं लोक समजतात. हात नाही, कंबर जाते. पुण्याच्या लोकांनी आमच्या वेल्ह्याच्या रस्त्याला बंगले बांधले, आणि आता त्यांना आधीचं काहीच आवडेनासं झालंय. ओट्याखालची कपाटं काढा, दारं उलटी फिरवा, खिडकी मोठी करा. ही सगळी मोडतोड करायला आम्हीच. हातोडी पँटच्या पट्ट्यात खोचलेली, स्क्रू खिशात, पटाशी कुठं ठेवली ते आठवत नाही म्हणून दर पाच मिनिटांनी शिडीवरून खाली. संध्याकाळी विंझरला घरी पोचलो की मी मोटारसायकलवरून उतरायचो ते म्हाताऱ्यासारखा, आणि सगळ्यांवर खेकसायचो.

शेवटी एक दिवस काम लवकर आटोपून मी नसरापूरला हार्डवेअरच्या दुकानात गेलो. अवजारांचा पट्टा घ्यायचाच, असं ठरवून. दुकानदार त्याला टूल बेल्ट म्हणतो. आम्ही सुतार आपसात गमतीनं कंबरपट्टा म्हणतो.

पहिला चामड्याचा होता, दिसायला झकास, पण हातोडी अडकवली की नेमका हाडावर रुतायचा. दुसरा पातळ कापडाचा, पोटाला काचायचा. तिसऱ्याची हातोडीची कडी बरोबर पाठीमागे, म्हणजे खाली बसलं की दांडा टोचणार. मी दुकानदाराचेच खिळे खिशांत भरले, त्याचीच पक्कड लावली आणि ओट्याखाली शिरल्यासारखा उकिडवा बसून पाहिलं.

"अहो, लग्नाची शेरवानी घेताय का?" दुकानदार म्हणाला.

मी ऐकलं नाही. चौथा रुंद होता, आतून मऊ गादी, खिसे दोन्ही बाजूंना, आणि वर खांद्यावरून घ्यायचे पट्टे. वजन कमरेवरून निम्मं खांद्यावर गेलं, तेव्हा मला खरोखर हायसं वाटलं. तेवढ्यात बायकोचा फोन आला.

"कुठं हाय तुमी?"

"नसरापुरात. कंबरपट्टा घेतोय."

"खरंच?"

"मग काय खोटं? किती दिवस चाललंय घ्यायचं घ्यायचं."

"उगं लई भारीतला नका घेऊ."

"भारीतलाच घेणार. हलका टिकत न्हाई."

"मापाचा बघा म्हंजे झालं."

"मागंपुढं करता येतो. तू नको काळजी करू."

ती हसली. इतकी मोकळी ती फोनवर सहसा हसत नाही. का हसली, याचा विचार करायला मला सवड नव्हती, मी पट्ट्याची बक्कल तपासत होतो.

घरी आलो तर पडवीत बायका. थोरली वहिनी, शेजारची काकू, माझी आई. आईच्या हातात हळद-कुंकवाचं ताट. आणि बायकोनं दिवसाउजेडी ठेवणीतली साडी नेसलेली. पुढच्या आठवड्यात पासलीला तिच्या भावाचं लग्न होतं, हे मला त्या साडीकडे बघून आठवलं. वहिनीकडे चांदीचा कंबरपट्टा आहे, प्रत्येक लग्नात तो बघत बघत माझी बायको पंगतीत वाढते, हेही तेव्हाच आठवलं. पिशवी गाडीवरच ठेवून कुठंतरी निघून जावं असं वाटलं. पण वहिनीनं ती उघडलीसुद्धा.

काळा जाड पट्टा तिनं एका टोकाला धरून वर उचलला. "आगं बया, ह्यो बैलाचा हाय का माणसाचा?"

काकू फिस्सकन हसल्या. आईनं ताट खाली ठेवलं. बायकोचं तोंड एकदम उतरलं, कानापर्यंत लाल झालं. मी काय म्हणालो असेन? "रेंज न्हवती," म्हणालो. त्या दिवशी शब्दन् शब्द लख्ख ऐकू आला होता. त्या खोटेपणाची लाज मला त्या गैरसमजापेक्षा जास्त वाटते.

मग बायको पुढं झाली. "म्याच सांगितलं व्हतं त्येंना घ्यायला," ती वहिनीला म्हणाली. "कंबर लई दुखती त्येंची." पट्टा तिच्या हातातून घेतला, पाटावर ठेवला आणि स्वतःच त्याला हळद-कुंकू लावलं. ज्या बायकांना तिनंच बोलावलं होतं, त्यांना तिनंच चहा केला. मी पाय धुवायच्या निमित्तानं मोरीत जाऊन उभा राहिलो.

साडी बदलून ती चुलीपाशी बसली आणि तिनं पासलीला आईला फोन लावला. "न्हाई गं, ते त्येंच्या कामाचं व्हतं. माझीच ऐकण्यात चूक झाली." मी चार हातांवर बसलो होतो. चूक माझ्या बोलण्याची, असं मोठ्यानं म्हणता आलं असतं. म्हटलं नाही.

सकाळी कामावर निघताना खांद्याचे पट्टे पाठीमागे पिळले गेले. माझा हात पुरेना. तिनं काही न बोलता ते सरळ केले, बक्कल ओढून दिली. काहीतरी गोड बोलावं म्हणून मी म्हणालो, "लई बरं वाटतंय बघ. कंबर मोकळी झाली."

"चला," ती म्हणाली, "घरात एकाची तरी झाली."

त्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. भाताच्या आवणीत दिवसभर वाकून रोपं लावल्यापासून ती उठताना भिंतीला हात लावून उठते. मला ते रोज दिसत होतं. दुखतं का, हे मी एकदाही विचारलं नव्हतं, आणि स्वतःसाठी मात्र उकिडवा बसून चार पट्टे पारखून आलो होतो. आता विचारावं म्हणून तोंड उघडलं, तोवर ती शेणाची पाटी उचलून गोठ्याकडे वळली होती.