डब्याच्या पुढे चालणारा

जऊळका स्टेशनवर मालगाडीचा सुटा डबा हमाल हातांनीच ढकलत. त्यांतला एक जण डबा हलला की हात काढून घ्यायचा आणि काखेत लाकडी ठोकळा धरून पुढे चालू लागायचा. मी स्टेशनसमोरच्या शाळेत गतीचे नियम शिकवीत असे, आणि त्याला कामचुकार समजत असे.

एकदा मोठे साहेब तपासणीला आले. गळ्यातला हार सावरत ओरडले, "जोर लावा!" हमालांनी लावला. डबा उताराला लागला, आणि पुढे रुळांत भाजीची बैलगाडी अडकलेली.

"धावा रे, बैल सुटून नाई राह्यला!" माळीण किंचाळली. हमाल डबा मागे ओढू लागले. डब्यानं त्यांनाच फरफटत नेलं. साहेबांनी हात वर करून डब्याला थांबण्याचा हुकूम दिला.

पुढे चालणाऱ्या त्या हमालानं काखेतला ठोकळा चाकाखाली सारला. डबा घासत गेला आणि बैलाच्या शिंगांपासून हातभरावर थांबला.

"ढकलाले समदे येतात," तो घाम पुसत म्हणाला. "चालती वस्तू आपोआप थांबत नाई. गुरुजी, हे तुमच्या पुस्तकात नाई काय?"

"आहे," मी म्हणालो. "पहिलाच नियम आहे."