नवी काकडी

सोळा सालच्या पावसाळ्यात डॉक्टरांनी माझं वजन बघून खाण्यापिण्याचा एक कागद हातात ठेवला. सकाळी अकराला दोन काकड्या! म्हणून मी गंजाडच्या नाक्यावर रोज एका बाईकडून काकड्या घ्यायचो आणि समोरच्या गाडीवरची गरम भजी बघत त्या चावायचो.

बाई काकडी चिरायची आणि बोटांवर आलेला रस लगेच पदराला पुसायची. मग माझ्या तोंडाकडे टक लावून विचारायची, "गोड लागते ना, दादा?"

एकदा मी म्हटलं, "मावशी, तुम्हीच खाऊन बघा की!"

तिनं जीभ चावली. "नाय नाय! शेतातली नवी काकडी देवाला दाखवल्याबिगर आम्ही खात नाय. आता दोनच दिस राहिले!" दोन बोटं नाचवत ती इतकी खुलून हसली, की जन्मात पहिल्यांदा काकडीसाठी माझ्या तोंडाला पाणी सुटलं.

"माझंही तसंच आहे," मी म्हटलं. "मला भजी बंद आहेत."

"कधीपर्यंत? तुमचा दिस कोणता?"

मी खिशातला कागद उलटसुलट करून पाहिला. त्यात सगळं होतं, फक्त तो दिवस नव्हता. मी तिथंच पेन काढलं आणि ठसठशीत अक्षरांत लिहिलं: रविवार, भजी, चार.

"रविवारी!" मी जवळजवळ ओरडलोच.

तिनं बोटांवर मोजलं. "म्हणजे तीन दिस. माझ्याहून एक जास्त," ती कळवळून म्हणाली, आणि माझ्यासाठी तिसरी काकडी चिरायला घेतली.