पौलाची आज्ञा आम्ही कशी पाळली

भांडण समुद्रावरून झालं. आमच्या दारातल्या समुद्रावरून नव्हे, जगाच्या अंतानंतरच्या.

किहीमच्या बाजूला आमची ख्रिस्ती मंडळी म्हणजे थोडी घरं, एक कौलारू देऊळ आणि गुरुवारचा बायकांचा शास्त्राभ्यास. तो वर्ग बायबलबाई घ्यायची. मिशनने नेमलेली, पण गावचीच, विधवा. सगळे तिला नुसतं बाई म्हणत. त्या वर्षी ती नव्या कराराचा शेवट शिकवत होती, प्रकटीकरण. त्यात योहानाला नवं आकाश आणि नवी पृथ्वी दिसते, आणि तिथे समुद्र उरलेला नसतो. हे ऐकून चटईवरच्या सगळ्या जणी चुळबुळल्या. मग कंपाउंडरची बायको म्हणाली, "मंग बोंबील कुठनं यायचे?"

बाईने ते हसण्यावारी नेलं नाही. तिने सांगितलं, हे लिहिणारा माणूस एका बेटावर डांबलेला होता. चारी बाजूंनी पाणी, तीच त्याच्या तुरुंगाची भिंत. "ज्याला समुद्रानं कोंडलं त्यानं समुद्र काढून टाकला. त्याच्या जागी आपली कोळीण असती तर तिनं न्हाय काढला असता." तेव्हा समुद्र गेला म्हणजे भिंत गेली, असं समजायचं.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत पत्रकं लिहून लिहून माझा हात तयार झाला होता. पाच वाक्यांत तीन धिक्कार सहज बसत. पण इतकं सरळ भाष्य मी कुठल्या व्यासपीठावरून ऐकलं नव्हतं.

ते मंडळीच्या वडिलांच्या कानावर गेलं. वडील हे आमच्याकडचं पद, नातं नव्हे. हे वडील कोर्टात बेलिफ होते. आयुष्यभर लोकांच्या दारावर नोटिसा डकवलेल्या, त्यामुळे शास्त्रवचनही ते तसंच डकवत. रविवारी उपासनेनंतर ते उभे राहिले आणि बायबलमधल्या प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पत्राचा दाखला दिला: बायकांनी मंडळीत गप्प राहावं, काही शिकायचं असेल तर घरी आपापल्या नवऱ्याला विचारावं. तेव्हा गुरुवारचा वर्ग बंद. आणि वर्गच नाही म्हटल्यावर बाईचं इथे काम काय? तिला म्हसळ्याला धाडावं, असं मिशनला कळवू या. म्हसळ्याहून समुद्र दिसत नाही. तेवढं प्रकटीकरण वडिलांनी जागच्या जागी खरं करायला घेतलं होतं. बाई समोरच बसली होती. वचनाप्रमाणे गप्प.

पाळकसाहेब भले गृहस्थ. भले म्हणजे दोन्ही बाजूंना मान डोलावणारे. महिनाअखेरीस मंडळीची सभा आहे, तेव्हा ठरवू, म्हणाले.

मी त्याच दुपारी पत्रक लिहिलं. मथळा: 'पौलास जाहीर सवाल'. बाईला वाचून दाखवलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं. "झकास हाय. पन पौलाला पोचायचं न्हाय, आनि बेलिफाला पोचंल."

पत्रक मी फाडलं नाही, चांगलं उतरलं होतं. पण चळवळीत मी आणखी एक गोष्ट शिकले होते. संप करायची सोय नसली की कामगार नियमाप्रमाणे काम करतात. साहेबाने छापलेला प्रत्येक नियम अक्षरशः पाळायचा, की साहेबच हात जोडत येतो. पौलाने नियम दिला होता. आम्ही तो पाळायचं ठरवलं.

त्यासाठी बाई आणि मी ते पत्र पहिल्यापासून वाचायला बसलो. गप्प राहा म्हणणारा हाच पौल आधी त्याच पत्रात सांगतो की बायकांनी प्रार्थना करताना, संदेश देताना डोकं झाकावं. आता गप्प बायका संदेश देणार कसा? वडिलांनी नोटिशीचा सोयीचा तुकडा तेवढा दारावर लावला होता. मला पौलावर मनसोक्त चिडायचं होतं, पण बाई चिडू देईना. तिचं म्हणणं, पत्र दुसऱ्याच्या नावाचं. करिंथात काय भांडण चाललं होतं ते आपल्याला ठाऊक नाही. एका बाजूचंच बोलणं ऐकून न्याय करू नये.

विहिरीवर निरोप फिरला. रोज एक प्रश्न, नवरा जेवायला बसला की. पौलाने घरी विचारा म्हटलंय, केव्हा ते म्हटलेलं नाही.

कंपाउंडर पहिल्या दिवशी खूश होता, बायकोला शिकवायला मिळतंय म्हणून. दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, पौल मेलेल्यांसाठी बाप्तिस्मा घेणाऱ्यांबद्दल लिहितो ते कोण, आणि माझ्या आजीसाठी घेता येईल का. ती हिंदूच गेली. त्याने भात ताटात तसाच टाकला. शाळामास्तर उत्तर विचारायला पाळकसाहेबांकडे गेले, तर ओटीवर आधीच बाप्ये बसलेले, आणि आत पाळकीणबाई पाळकसाहेबांना जेवायला वाढत होत्या.

वडिलांच्या घरी त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या काकींनी, विचारलं, "अहो, लग्न न करणारा अधिक बरं करतो, असं पौल म्हणतो. मग तुम्ही का केलंत?"

वडील म्हणाले, दुसरं काही विचार.

"मी कुठं विचारते? आज्ञा आहे." एवढं बोलून काकी गप्प बसल्या. त्या गप्प बसण्याचाच वडिलांना जास्त त्रास झाला, असं पुढे त्याच सांगत.

तरी सभेत वडिलांनी हट्ट सोडला नाही. म्हणाले, बायकांनी नवऱ्याला विचारायचं. बाईला नवरा नाही, मग तिला शास्त्रावर बोलायचा अधिकार आला कुठून?

बाई उठली. पदर डोक्यावर घेतला, पौलाने सांगितल्याप्रमाणे. "इचारलं मी," ती म्हणाली. "कबरीवर जाऊन इचारलं. त्याची हरकत न्हाय."

आधी बाकांवरचे हसले, मग चटयांवरच्या. तेवढ्यात कंपाउंडरने उठून वर्ग पुन्हा सुरू करावा, बाईला इथेच ठेवावं, असा ठराव मांडला. शास्त्राची गोडी वगैरे कारणं त्याने दिली नाहीत. म्हणाला, "आम्हाला जेवू द्या." विरोधाला हात वर करण्याआधी वडिलांनी चटयांकडे पाहिलं. काकी त्यांच्याकडेच बघत होत्या. हात मांडीवरच राहिला.

फक्त ठरावात 'शिकवणे' हा शब्द नको, असं पाळकसाहेबांनी सुचवलं. बाई शिकवणार नाही, बायकांबरोबर 'वाचन' करील. यावर मी नवं पत्रक काढणार होते. बाई म्हणाली, काढ, पण गुरुवार झाल्यावर.

गुरुवारी वाचन झालं. खिडकीबाहेर कंपाउंडर सायकल पुसत होता. पुसून झालेली सायकल त्याने पुन्हा पुसायला घेतली, तेव्हा बाईने आवाज जरा चढवला.