खांद्यावरचं तुंडू

साहेबानं माझं तुंडू ओढलं, त्यानं स्वतःचे बूट पुसले आणि ते माझ्याच अंगावर फेकलं.

तुंडू म्हणजे पंचा. तंजावूरकडचा गुरांचा दलाल त्याच्याशिवाय बाजारात उभा राहत नाही. पंच्याखाली हातात हात घ्यायचा, बोटं दाबून भाव ठरवायचा. बघणाऱ्याला कळत नाही. हरेल त्याची अब्रू झाकलेली राहते. या बोटांवर मी मोठा झालो. बैलांच्या दलालीतून तिरुवैयारूजवळ नारळाची बाग केली. कुणी दिली नाही.

त्याच बागेत साहेब आला होता. शेजारून टोलचा मोठा रस्ता जाणार, त्याला लागून कंपनीची टाउनशिप. रस्त्याची जमीन सरकारनं घेतली. टाउनशिपची मात्र कंपनीला विकत घ्यायची होती, आणि तिचं फाटक नेमकं माझ्या बागेत येत होतं.

साहेब पुण्याचा. आम्ही तंजावूरच्या मराठा राजवाड्यामागच्या गल्लीतले, पिढ्यान्‌पिढ्या घरात मराठी. आपल्या भाषेचा माणूस आला म्हणून बायकोला कॉफी करायला लावली. त्यानं ती ड्रायव्हरला दिली.

गाव जमलं होतं. आधी माझा सौदा, मग बाकीच्यांचा. मी खांद्यावरचं तुंडू काढून हातावर पसरलं.

"साहेब, हात द्यावें. भाव बोलूं."

तो मागं सरला. बरोबरच्या इंजिनिअरला म्हणाला, "ऐकलंस? म्युझियममधली मराठी!" मग मला, "हात कशाला धरतोस? मी काय बैल आहे?"

"आमची रीत आहे."

"रीत?" त्यानं तुंडू ओढलं. बुटांना पाटाचा चिखल होता. आधी उजवा पुसला, मग डावा. सावकाश. "घे. एवढ्याच कामाचं आहे ते. भाव आमच्या ऑफिसात ठरतो. तू फक्त अंगठा आण."

अंगठा. मी सही करतो.

खरं वाईट पुढं घडलं. ते चिखलाचं तुंडू मी घडी करून कमरेला बांधलं. माझ्याच हातांनी.

माझा बाप मिरासदाराच्या दारात असाच उभा राहायचा. त्या जमीनदाराचं घर दिसलं की खांद्यावरचं कमरेला. का, म्हणून विचारलं तर म्हणायचा, "हात आपोआप जातो रे." मला त्याची लाज वाटायची. बाप गेला, मिरासदार गेला. हात तेवढा माझ्यात राहिला होता.

शेजारच्या भातशेताची मालकीण, कामाक्षी म्हातारी, तमिळमध्ये ओरडली, "काय तंबी, मिरासदार पुन्हा जिवंत झाला का?"

गाव हसलं. साहेबाला तमिळ कळत नव्हतं. तोही हसला.

माझं डोकं फिरलं. तुंडू सोडलं, चिखलासकट खांद्यावर टाकलं. त्याला मराठीत सांगितलं, गावाला तमिळमध्ये. "बाग विकायची नाही. चल, निघ."

"फाटक पलीकडून काढू."

"काढ. पलीकडे ही म्हातारी आहे."

म्हातारी त्याच्या बुटाशेजारी पान थुंकली.

आता त्याची माणसं येतात. मला काका म्हणतात, कॉफी मागून पितात, भाव चढवतात. मी दलाल आहे. चढता भाव ऐकला की अजून माझी बोटं वळवळतात. मग मी खुंटीकडं बघतो. ते तुंडू मी धुतलेलं नाही.

साहेब स्वतः येईल. फाटक हवं तर यावंच लागेल. येऊ दे. तेव्हा तो हात पुढं करील, आणि मी तुंडू खांद्यावरून काढणार नाही. पुन्हा सगळं गाव जमवीन आणि त्याला उघड्यावर, मोठ्यानं 'नाही' म्हणेन. त्याची अब्रू मी झाकणार नाही.